अठ्ठेचाळीस सेकंदांचे सर

सर ऑफिसात चहा पीत नसत, आणि त्याला कारण मधुमेह नव्हता, अण्वस्त्रधोरण होतं.

मी त्या संस्थेत लागायच्या कितीतरी आधी त्यांनी कॅन्टीनवाल्याला सांगितलं होतं, की चहात पुन्हा आलं घातलंत तर मी इथला चहा सोडेन. दिल्लीत थंडी पडली की चहात आलं पडतंच. पुढच्याच आठवड्यात पडलं. सरांनी कप खाली ठेवला तो कायमचा. नंतर कॅन्टीनवाला दोनदा बदलला. नव्या माणसाला तर हे सगळं ठाऊकही नव्हतं. त्याला वाटे, साहेबांना चहाच आवडत नाही. एकदा मी मुद्दाम आल्याशिवायचा चहा करून घेतला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"प्रश्न आल्याचा नाही हो," सर म्हणाले. "मी एकदा बोललो होतो. आज प्यायलो तर पुढच्या वेळी माझ्या बोलण्याला काय किंमत राहील?"

"पुढची वेळ कधी येणार आहे, सर?"

"ती येऊ नये म्हणूनच तर हे," असं म्हणून त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

मी पुण्याहून संशोधन सहायक म्हणून दिल्लीत आले होते. करोल बागेत, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वर माझी खोली होती, आणि मेट्रोने मी रोज त्या संस्थेत जायची. संस्थेचं काम देशाच्या सुरक्षेचा विचार करणं. हा विचार बहुतेक वेळा चर्चासत्रांतून होई आणि चर्चासत्र बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिके. सर तिथे सल्लागार होते. सरकारी नोकरीत त्यांनी उभी हयात अण्वस्त्रांच्या धोरणावर काढली होती आणि निवृत्तीनंतरही एका सल्लागार समितीवर त्यांचं नाव होतं. मूळचे सांगलीकडचे. दिल्लीत चाळीस वर्षं काढूनही अंगावरची सांगली त्यांनी उतरू दिली नव्हती.

इंग्रजी अहवालांतल्या 'डिटरन्स' या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, यावरून आमची पहिली ओळख झाली. मी 'प्रतिरोधन' असं लिहून नेलं होतं. त्यांनी तो शब्द मोठ्याने वाचला आणि विचारलं, "हा कोणता आजार?" मग स्वतःच्या बारीक अक्षरात वर 'जरब' असं लिहिलं.

"शाळेत आमचे एक हेडमास्तर होते," ते म्हणाले. "हातात कायम छडी. सात वर्षांत कोणाला मारलेली मी पाहिली नाही. पण वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची. बॉम्ब म्हणजे ती छडी. ती वापरायची वेळ आली, की हेडमास्तर नापास."

'हायब्रीड वॉर' हा शब्द त्या काळात संस्थेत फार जोरात होता. दर महिन्याला त्यावर एक परिसंवाद व्हायचा. सरांना तो शब्दच सहन होत नसे. "आमच्याकडे हायब्रीड म्हणजे ज्वारी," ते म्हणत. "लहानपणी तिची भाकरी खाल्लीय मी. पोट भरायचं, चव नसायची." पण मग कोणी खरंच शिकायच्या इच्छेने विचारलं, तर इतकं सोपं करून सांगत की बाकीच्या वक्त्यांचा राग यावा. बॉम्बमुळे पुढचं दार दोन्हीकडून बंद झालं. उघड युद्ध कोणाला परवडत नाही. मग लोक न्हाणीघराच्या खिडकीतून येतात. अफवा सोडायची, वीजपुरवठ्याच्या संगणकात घुसायचं, गणवेश नसलेली माणसं पाठवायची, आणि प्रत्येक वेळी इतकंच करायचं, की त्यासाठी समोरच्याने युद्ध पुकारलं तर तोच वेडा ठरावा.

हे समजावताना ते पटपडगंजच्या आपल्या सोसायटीचं उदाहरण देत. त्यांच्या शेजाऱ्याने जिन्यातल्या मोकळ्या जागेत कुंड्या ठेवल्या होत्या आणि त्या दर आठवड्याला वीतभर सरांच्या दाराकडे सरकत. सरांनी टेप आणून मापं घेतली, वहीत तारखांसह नोंदली, आणि कितव्या कुंडीला हरकत घ्यायची यावर सहा महिने विचार केला. एका कुंडीसाठी भांडावं तर आपण क्षुद्र ठरतो; भांडू नये तर दार जातं. शेवटी एका सकाळी काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, शेजारणीला सांगितलं, "भाभीजी, ये गमले थोड़े पीछे कर लीजिए." तिने केल्या.

"मग तुमचा सिद्धान्त?" मी विचारलं होतं.

"सिद्धान्त बरोबर आहे," सर म्हणाले. "फक्त प्रत्येक देशाकडे ही नसते." आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे मान केली.

काकू करोल बागेतच जन्मलेल्या आणि वाढलेल्या. त्यांची हिंदी अस्सल दिल्लीची, आणि मराठीतसुद्धा 'बिल्कुल' आणि 'अच्छा' पेरलेले. सरांची हिंदी मात्र अजून गाडीतून उतरायची होती. मराठीत चहा पुल्लिंगी, म्हणून हिंदीतही 'चाय अच्छा है'. क्षेपणास्त्रांवर त्यांनी आयुष्य वेचलं, पण हिंदीत मिसाइल स्त्रीलिंगी आहे हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. "हमारा मिसाइल," असं ते भर सभेत म्हणत आणि श्रोत्यांतले सनदी अधिकारी खाली मान घालून हसत. शिवाय त्यांचं वाक्य संपत नसे. कोणतंही विधान केलं की लगेच 'तथापि' येई, आणि त्या तथापिच्या पोटात आणखी एक तथापि असे. त्यांच्या व्याख्यानांना अकरा माणसं येत, त्यांतली चार संस्थेचीच.

मला याचं वाईट वाटायचं, आणि तिथेच माझ्या हातून ती चूक झाली.

संस्थेतली व्याख्यानं बंद दारामागची असत. ध्वनिचित्रण होई, पण ते फक्त ग्रंथालयासाठी. बाहेर द्यायचं नाही असा लेखी नियम होता. मी सरांना दोनदा विचारलं होतं, की तुमची व्याख्यानं इंटरनेटवर ठेवू या का. दोन्ही वेळा ते म्हणाले, "नियम आहे ना?" तरी मी ठेवली. पाच व्याख्यानं, एका खोट्या नावाने उघडलेल्या खात्यावर. मला वाटलं, कुठेतरी लातूर-जळगावचा एखादा विद्यार्थी ऐकेल आणि शहाणा होईल. वर्षभरात पाचही मिळून तीनशे-साडेतीनशे लोकांनी पाहिली असतील. त्यांत मीच बऱ्याच वेळा होते.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी सीमेवर तणाव होता, आणि त्या आठवड्यात ती क्लिप आली.

अठ्ठेचाळीस सेकंदांची. सर संस्थेच्या निळ्या पडद्यासमोर उभे, अंगात तोच तपकिरी कोट, आवाज त्यांचाच. आणि ते म्हणत होते, की आता वाट पाहण्यात अर्थ नाही, पहिला वार आपणच करायला हवा, "हमारी मिसाइलें तैयार हैं." संध्याकाळपर्यंत ती लाखो लोकांनी पाहिली होती. पडदा मी पाहताच ओळखला. मी टाकलेल्या पाच व्याख्यानांतल्या तिसऱ्यात तोच पडदा होता, तोच कोट होता.

मी धावत पटपडगंजला गेले. सर खुर्चीत बसले होते आणि काकू फोन डोळ्यांजवळ धरून क्लिप पाहत होत्या.

"क्लिपमधला माणूस म्हणजे हे नव्हेतच," काकू म्हणाल्या. "मिसाइल मुलगी आहे, हे यांना चाळीस वर्षांत कळलं नाही. आज एकदम कसं कळेल?"

मी हसले. सर हसले नाहीत.

"हसू नका," ते म्हणाले. "पलीकडे या क्षणी कोणीतरी तरुण अधिकारी हे बघत असेल. त्याला माझ्या हिंदीतलं लिंग ठाऊक नाही. त्याला एवढंच दिसतंय, की समितीवरचा माणूस पहिला वार करू म्हणतोय. पहिला वार आपण करणार नाही, हे त्या लोकांना पटावं म्हणून मी तीस वर्षं तेच तेच बोलत आलो. ते इतकं कंटाळवाणं बोललो, की शेवटी त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं."

माझ्या ओठांवर कबुली आली होती. तेवढ्यात फोन वाजला आणि मी ती गिळली.

फोन सांगलीहून होता, त्यांच्या बहिणीचा. तिने क्लिप पाहिली होती. "दादा, किती छान बोललास रे," ती म्हणत होती. आवाज खोलीभर ऐकू येत होता. "पहिल्यांदाच मला तुझं सगळं कळलं." त्यानंतर दोन दिवस फोन थांबेनात. शाळेतले मित्र, जुने सहकारी, सोसायटीचे सेक्रेटरी. कुंड्यावाल्या शेजाऱ्याने जिन्यात त्यांना कडक सलाम ठोकला. आयुष्यभर खरं बोलताना ज्यांनी ऐकलं नाही, ते सगळे न बोललेल्या वाक्याबद्दल अभिनंदन करत होते. प्रत्येकाला सर सांगत, "ते मी नव्हे." आणि प्रत्येक जण समजूतदारपणे म्हणे, "हो हो, तुम्हाला तसं म्हणावंच लागणार."

संस्थेच्या संचालकांनी सल्ला दिला, की गप्प राहा, आपोआप विरेल. सरांनी ऐकलं नाही. सरांच्या घरी, बैठकीच्या खोलीत मी त्यांचा खुलासा फोनवर टिपला.

"सर, फक्त तीस सेकंद," मी विनवलं. "ते वाक्य माझं नाही, ती क्लिप बनावट आहे, एवढंच."

"बिल्कुल एवढंच," काकू म्हणाल्या.

सरांनी मान हलवली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते विधान माझं नाही." क्षणभर आम्हा दोघींना आशा वाटली. मग ते म्हणाले, "तथापि." खुलासा बावीस मिनिटं चालला. पहिला वार न करण्याच्या धोरणाचा उगम, त्यावरचे आक्षेप, आक्षेपांची उत्तरं आणि शेवटी दोन तळटीपा. तो बाराशे लोकांनी पाहिला. त्यांतल्या बऱ्याच जणांचं मत पडलं, की खुलासाच बनावट आहे. सरकारने दबाव आणून वदवून घेतलंय, असं काहींनी लिहिलं. एकाने तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत हे बाण काढून दाखवलं. सरांची कवळी नवी होती.

फक्त एक निरोप वेगळा आला. सीमेपलीकडचे एक निवृत्त ब्रिगेडियर सरांना वीसेक वर्षं ओळखत. तिसऱ्याच कुठल्या देशात भरणाऱ्या अनौपचारिक बैठकांत दोघे समोरासमोर बसून भांडत. त्यांनी दोन ओळी पाठवल्या होत्या: ती क्लिप पाहिली. तुम्ही अठ्ठेचाळीस सेकंदांत थांबूच शकत नाही, हे मी आमच्या लोकांना सांगितलं आहे. सरांनी तो निरोप मला दाखवला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट जेवले.

तणाव निवळला, क्लिपमुळे नाही आणि खुलाशामुळेही नाही. पण संस्थेने तिघांची चौकशी समिती नेमली. त्यांना दोन गोष्टी शोधायच्या होत्या: सर ते वाक्य बोलले होते का, आणि संस्थेचं चित्रण बाहेर कोणी दिलं. मी खातं पुसून टाकलं होतं, तरी बोलावणं येईल म्हणून रोज वाट पाहत होते. विचारलं तर सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. न विचारता जाऊन सांगायचं, असं मात्र माझ्याच्याने ठरवेना. नोकरी गेली असती. पुण्याला आईबाबांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. मला कोणी बोलावलंच नाही. डिसेंबरात सरांचं सल्लागारपद संपल्याचं पत्र निघालं. त्या वर्षीच्या पलीकडच्यांबरोबरच्या बैठकीतूनही त्यांचं नाव गळलं. सगळ्यांनी धरलं, की क्लिपमुळे गेले. मीही तसंच धरलं, आणि चौकशीतून मी सुटले याचं मला बरं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते.

जानेवारीत दिल्लीच्या एका मराठी मंडळाचा त्यांना फोन आला. मंडळ दर वर्षी पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, बस नेतं. यंदा प्रमुख वक्ते म्हणून सरांनी यावं, असं सेक्रेटरी म्हणाले. गेली सतरा वर्षं सर त्या मंडळाचे वर्गणीदार होते आणि त्यांना कधी आभारप्रदर्शनालाही उभं केलं नव्हतं.

"क्लिप ऐकूनच बोलावतायत," काकू म्हणाल्या. "जाऊ नका."

"म्हणूनच जायला हवं," सर म्हणाले. "इतकी माणसं एका जागी माझं ऐकायला पुन्हा कधी बसणार?"

मीही त्यांच्याबरोबर गेले. सकाळी धुकं इतकं होतं, की महामार्गावर पुढच्या ट्रकचे नुसते दिवे दिसत. काला अंबला पोचलो तेव्हा ऊन पडायला लागलं होतं. महाराष्ट्रातून आलेल्या बसगाड्या उभ्या होत्या. फेटे बांधलेली तरुण मंडळी स्मारकापुढे घोषणा देत होती. चारशे-पाचशे माणसं असतील. सेक्रेटरींनी सरांची ओळख करून देताना त्या क्लिपमधलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

सर माइकपुढे उभे राहिले. "ते वाक्य माझं नाही," ते म्हणाले. "ते यंत्राने बनवलेलं आहे. मी तसं कधी म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही."

मी तथापिची वाट पाहत होते. तो आला नाही.

"याच मैदानात दोन फौजा दोन महिन्यांहून जास्त एकमेकींसमोर बसून होत्या," ते म्हणाले. "वाट अडली, धान्य संपलं, उपासमार सुरू झाली, आणि मग लढाईवाचून काही उरलं नाही. आपण इथे फुलं वाहायला येतो. ज्यांनी लढायचं नाही असा मार्ग शोधून काढला, त्यांच्या नावाने कुठे फुलं वाहत नाहीत, कारण तिथे काही घडलेलंच नसतं. मी आयुष्यभर तेच काम केलं. काही घडू न देण्याचं. एवढंच सांगायचं होतं."

इतकं छोटं भाषण मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. सेक्रेटरींनी लगबगीने माइक घेतला आणि म्हणाले, "सरांचा हा विनय आपण पाहिलात. मोठ्या माणसांना काही गोष्टी उघड बोलता येत नाहीत. आपण समजून घ्यायचं." पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात. सरांना शाल दिली, नारळ दिला आणि पंचवीसेक लोकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले.

परतताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते, शाल मांडीवर घडी करून. बाजूला मी. तेव्हा मला राहवलं नाही. व्याख्यानं मी इंटरनेटवर टाकली होती, त्यांतूनच क्लिप बनवणाऱ्यांनी तुमचा चेहरा आणि आवाज उचलला, असं मी सांगून टाकलं. सांगताना त्यांच्याकडे पाहायचं धाडस झालं नाही.

त्यांनी मांडीवरच्या शालीची घडी सारखी केली. मग विचारलं, "तिसरं व्याख्यान ना? निळ्या पडद्याचं?"

"हो."

"ते एक तास चाळीस मिनिटांचं आहे. आवाज इतका हुबेहूब करायचा म्हणजे त्यांना ते सगळंच ऐकावं लागलं असणार." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे शेवटपर्यंत कोणीतरी ऐकलं म्हणायचं."

पुढे त्यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. मी त्याला क्षमा समजले.

उन्हाळ्यात संस्थेने जुन्या फाइली स्कॅन करायचं काम माझ्याकडे दिलं. एका गठ्ठ्यात चुकून सरांच्या चौकशीची फाइल आली होती. वर 'गोपनीय' असा शिक्का होता. न उघडता परत करायला हवी होती. मी उघडली.

आत सरांची दोन निवेदनं होती, त्याच बारीक अक्षरात. पहिलं असं: ते विधान मी केलेलं नाही. ध्वनिचित्रफीत बनावट आहे. दुसरं असं: संस्थेतील व्याख्यानांचं चित्रण मी स्वतः, कोणालाही न विचारता, घरच्या संगणकावरून इंटरनेटवर प्रसारित केलं. यात संस्थेतील अन्य कोणाचाही संबंध नाही.

ईमेलला कागद जोडायचा असला, की ते मला हाक मारत. त्यांच्या घरचा संगणक काकू भाजीचे भाव आणि नातेवाइकांचे फोटो पाहायला वापरत. तारीख पाहिली. बसमध्ये मी कबुली दिली त्याच्या दीड महिना आधीची होती. सल्लागारपद गेलं ते क्लिपमुळे नव्हतंच. कारण हे निवेदन आणि त्यातला नियमभंग, असं फाइलमधल्या आदेशात स्वच्छ लिहिलं होतं.

समितीने दोन्ही निवेदनांच्या समासात लाल शाईने शेरे मारले होते. पहिल्यापुढे होतं, 'खातरजमा होऊ शकली नाही.' दुसऱ्यापुढे होतं, 'विश्वासार्ह.'

मी तशीच उठले आणि रिक्षाने पटपडगंजला गेले. दार काकूंनी उघडलं. सर वर्तमानपत्र वाचत होते. फाइल पाहिली, एवढंच मला बोलता आलं.

सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चेहरा कडक झाला होता.

"त्या फाइलवर गोपनीय लिहिलेलं असतं," ते म्हणाले. "ती उघडायची परवानगी होती तुम्हाला?"

"नव्हती, सर."

"मग तुम्ही ती पाहिलेली नाही."

त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं, आणि त्याच्याआडून काकूंना म्हणाले, "अगं, हिला जेवल्याशिवाय सोडू नकोस."